शोधाआधीची वाट: पांढुर्णा-सौसरची महादेव यात्रा आणि पचमढीचा इतिहास

पचमढीवरच्या बहुतेक पर्यटन-पुस्तिकांत एक वाक्य हमखास सापडते: कॅप्टन जेम्स फॉरसाइथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1857 मध्ये पचमढीचा शोध लावला. हे वाक्य इतक्यांदा छापले गेले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. पण सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, पांढुर्णा आणि सौसर या मराठी मुलखात, महादेवाला जाण्याची रीत कित्येक पिढ्यांची आहे. तिथे ‘महादेवाला जाणे’ म्हणजे पचमढीच्या डोंगरात जाणे. महाशिवरात्रीला चौरागड चढायचा, श्रावणात नागपंचमीच्या आधी नागद्वारची वाट तुडवायची, कपारीतून आडवे होऊन सरकायचे, गुहेत ठिबकणारे पाणी डोक्यावर घ्यायचे आणि परतायचे. हा डोंगर ज्यांच्या घरच्या नवसांत होता, त्यांना तो कुणी शोधून द्यावा लागला नाही. माझे म्हणणे असे की पचमढीचा इतिहास 1857 पासून किंवा फॉरसाइथ प्रत्यक्ष तिकडे निघाला त्या 1862 पासून सुरू करणे ही केवळ तारखेची चूक नाही. कोणाचे चालणे इतिहासात मोजायचे आणि कोणाचे नाही, हा तो प्रश्न आहे. यात्रेची वाट हाच एक दस्तऐवज आहे आणि तो वाचता येतो, हे मी इथे पुराव्याने मांडणार आहे.

आधी हा मुलूख नीट समजून घ्यायला हवा. पांढुर्ण्याचे नाव बाहेर ऐकू येते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. सौसरचे नाव निघते ते जवळच्या जामसावळीच्या हनुमानामुळे. संत्र्याचे बगीचे, कापूस, नागपूरकडे असलेली बाजाराची ओढ आणि बोलण्यातली वऱ्हाडी-नागपुरी मराठी यांनी हा भाग बनला आहे. देवगडच्या गोंड राजांच्या अमलातून तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि हा भाग त्यांच्या हाती गेला. छिंदवाडा जिल्ह्याचे वर्णन करताना जुने अधिकारीही घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग करत, आणि घाटाखालचा सौसरचा भाग भाषेने नागपूरच्या मैदानाशी जोडलेला मानत. या घाटाखालच्या शेतकऱ्याच्या वर्षात महादेवाच्या यात्रेला ठरलेली जागा आहे. महाशिवरात्र येते तेव्हा कापसाची वेचणी उरकत आलेली असते. नागपंचमी येते तेव्हा पेरणी होऊन पीक हातभर वर आलेले असते आणि दोन निंदणांच्या मध्ये थोडी उसंत मिळते. यात्रेकरूंच्या जथ्याला विदर्भात ‘पोहा’ म्हणतात. पोह्याला वाट माहीत असलेला भगत असतो, गाणी असतात, शिदोरी असते आणि कुणाच्या तरी खांद्यावर नवसाचा त्रिशूळ असतो. ही रीत शेतीच्या वेळापत्रकात इतकी नेमकी बसली आहे की ती बाहेरून कुणी आणून चिकटवली असे म्हणता येत नाही.

या वाटेचे वैशिष्ट्य तिच्या दगडात आहे. पांढुर्ण्याच्या पश्चिमेकडच्या रानात पायाखाली काळा पाषाण असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेल्या लाव्हाचा हा बेसॉल्ट, आणि त्याच्याच झिजेतून कापसाची काळी माती झाली. सौसरकडे सरकले की दगड बदलतो. तिथे अभ्रकाने चकाकणारे शिस्ट, संगमरवर आणि मँगनीजचे थर लागतात. मूळचा गाळ जमिनीच्या पोटातल्या दाबाने आणि उष्णतेने पुन्हा घडून हे खडक तयार झाले, आणि त्यांचे वय अब्ज वर्षांच्या हिशेबात मोजावे लागते. भूवैज्ञानिक एल. एल. फर्मर यांनी 1909 मध्ये भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात छिंदवाड्याच्या या पट्ट्याचा सविस्तर विचार आहे. पुढे या खडकांच्या समूहाला सौसरचेच नाव मिळाले आणि आज जगभरच्या भूशास्त्रीय लिखाणात ते चालते. सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाड्याचे पठार ओलांडले की परासिया-जुन्नारदेवकडे कोळसा पोटात बाळगणारे गोंडवन खडक येतात. त्याही पलीकडे, देनवा नदीच्या खोऱ्यावर, पचमढीचा वालुकाश्म भिंतीसारखा उभा राहतो. सुमारे 24-25 कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेल्या जाड वाळूचा हा दगड आहे. धूपगडावर तो समुद्रसपाटीपासून 1,352 मीटरपर्यंत चढतो, आणि सातपुड्यात त्याहून उंच जागा नाही. म्हणजे घाटाखालून निघालेला माणूस काही दिवसांच्या चालीत तीन-चार वेगळ्या युगांच्या दगडांवरून जातो. त्याला या युगांची नावे ठाऊक नव्हती, पण दगड बदलतो हे त्याच्या तळपायांना नक्की कळत होते.

आता यात्रेतली ठाणी कुठे आहेत ते पाहावे. पचमढीचा वालुकाश्म भरड आणि सच्छिद्र आहे, आणि त्याला उभ्या भेगा आहेत. पावसाचे पाणी त्यात मुरते, मधल्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि कपारीच्या किंवा गुहेच्या छतातून ठिबकत राहते. उघड्या पठारावरचे ओढे आटतात तेव्हाही अशा जागी ओल टिकते. बडा महादेवच्या गुहेत नेमके हेच दिसते. गुप्त महादेव ही उभ्या भेगेतली इतकी अरुंद वाट आहे की एका वेळी एकानेच अंग चोरून आत जावे. जटाशंकरला दरीच्या तळाशी, अडकलेल्या प्रचंड शिळांखाली, पाण्याने घडवलेल्या दगडी बटांना शंकराच्या जटा मानले गेले. नागद्वारच्या वाटेवर काजळी, पद्मशेष, चिंतामणी, चित्रशाळा, स्वर्गद्वार अशी ठाणी एकामागून एक येतात. त्यांतली कितीतरी म्हणजे मुळात कपार, गुहा, ओढ्याचे वळण किंवा खडकातली खिंड. मंदिर बांधायचे म्हणून निवडलेल्या या जागा नव्हेत. पाणी कुठे मिळेल, रात्र कुठे काढता येईल आणि कडा कुठे ओलांडता येईल, या तीन प्रश्नांची ती उत्तरे आहेत. देवाचे नाव त्या उत्तरांना मिळाले आणि म्हणून ती विसरली गेली नाहीत. ज्ञान जपण्याची ही रीत कागदावरच्या नकाशापेक्षा कमी दर्जाची नाही. ज्या समाजात लिहिणारे थोडे आणि चालणारे पुष्कळ, तिथे तर तीच जास्त भरवशाची.

दिशेचा पुरावा यापुढचा आहे. पचमढीला आज पर्यटक बहुधा उत्तरेकडून, पिपरियाच्या रेल्वे स्थानकावरून येतो. पण महादेव यात्रेची जुनी ठाणी डोंगराच्या दक्षिण उतारावरही ओळीने पसरलेली आहेत. जुन्नारदेवजवळचे ‘पहिली पायरी’ हे स्थान पचमढीपासून बरेच दूर, कन्हान खोऱ्याच्या बाजूला आहे. तिथे दर्शन घेऊनच यात्रा सुरू झाली असे मानतात. पुढे देनवेच्या खोऱ्यात भुरा भगताचे ठाणे येते आणि त्यानंतर चौरागडाचा चढ लागतो. उत्तरेकडून येणाऱ्या माणसाला जुन्नारदेवात पहिली पायरी मानण्याचे काही कारण नाही, ती त्याच्या वाटेवरच येत नाही. ज्यांना छिंदवाड्याचे पठार ओलांडून, म्हणजे सौसर, पांढुर्णा, नागपूर आणि वऱ्हाडाकडून डोंगर गाठायचा होता, त्यांच्या पावलांनीच ही ओळ आखली. वाटेचा आराखडा असा आपल्या यात्रेकरूंचा पत्ता सांगतो.

ठाणी कधीची हे दगड सांगत नाही, असे कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. म्हणून तारखांकडे वळू. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्यांना कैद करून अलाहाबादकडे रवाना केले. मे 1818 मध्ये जबलपूरजवळच्या मुक्कामातून ते निसटले आणि थेट महादेवाच्या डोंगरात आले. हर्रईच्या चैनशाहसारख्या गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला. 1819 च्या सुरुवातीला डोंगर सोडून ते असीरगडाकडे निघून जाईपर्यंत इंग्रज पलटणी त्यांच्या मागावर याच दऱ्यांत फिरत होत्या. नागपूरचा पदच्युत राजा जीव वाचवायला जी जागा निवडतो, ती त्याच्या माणसांना अनोळखी असणे शक्य नाही. तिथे शिरायच्या वाटा, पाण्याच्या जागा आणि भरवशाची माणसे आधीपासून माहीत होती, म्हणूनच तो आसरा ठरला. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच घडले. 1858 च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले आणि मुलताईपर्यंत गेले. त्याच काळात हर्राकोटचे कोरकू जहागीरदार भभूतसिंह यांनी याच डोंगरांच्या बळावर इंग्रजांशी झुंज घेतली. 1860 मध्ये त्यांना जबलपूरला मृत्युदंड देण्यात आला. आणि त्याच 1860 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रकाशनात जे. जी. मेडलिकॉट यांचा नर्मदा प्रदेशावरचा अहवाल आला. त्यात इथल्या वालुकाश्माच्या थरांना महादेवाचे नाव आहे. म्हणजे फॉरसाइथ डोंगरावर पोचायच्या आधी तिथे लढाया झाल्या होत्या, पाठलाग झाले होते, आणि विज्ञानाने यात्रेकरूंच्या देवाचे नाव खडकाला दिलेही होते.

खुद्द फॉरसाइथ काय सांगतो? त्याचे ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक 1871 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाले. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर जंगलांची पाहणी करण्याच्या कामावर तो 1862 च्या जानेवारीत डोंगराकडे निघाला. त्यामुळे 1857 हे साल त्याच्या स्वतःच्या कहाणीतही बसत नाही. त्या पुस्तकातला डोंगर रिकामा नाही. पठारावर कोरकूंची वस्ती आहे. महादेवाचे देवस्थान आहे आणि त्याचे राखणदारपण वंशपरंपरेने कोरकू जहागीरदार घराण्यांकडे आहे. त्यांना भोपा म्हणत. डोंगरात जमणारी मोठी यात्रा आहे, आणि त्या यात्रेत पटकी फुटून यात्रेकरू कसे पांगले याचे वर्णन आहे. 1860 च्या दशकातल्या त्या साथीनंतर यात्रेवर सरकारी बंधने आली. साथीने गाजावी आणि सरकारने बंधने घालावीत एवढी गर्दी जिथे दरवर्षी जमत होती, ती जागा अज्ञात होती असे म्हणणे त्याच पुस्तकाच्या विरोधात जाते. फॉरसाइथने बायसन लॉज बांधला, जंगलाची नोंद केली, पठाराची हवा युरोपीय लोकांना मानवेल हे सरकारला पटवले. ही कामे खरी आहेत आणि त्यांचे श्रेय त्याला मिळायलाच हवे. पण तो शोध नव्हता. एका नव्या राजवटीने एका जुन्या जागेचा नवा उपयोग ठरवला होता.

मग ‘शोध’ हा समज एवढा पक्का का झाला? मला वाटते याचे मोठे कारण रेल्वे आहे. 1870 मध्ये जबलपूरवरून मुंबई आणि कोलकाता लोहमार्गाने जोडले गेले आणि त्या मार्गावरचे पिपरिया पचमढीचे दार बनले. साहेब, त्यांची कुटुंबे, फौजेचे आजारी शिपाई, कार्यालयांचे दप्तर, सगळे उत्तरेकडून येऊ लागले. पुढे पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. डोंगराचे तोंड उत्तरेला आहे असे सगळ्यांना वाटू लागले, आणि दक्षिणेची वाट नकाशावर पाठीमागची वाट ठरली. पठारावरच्या कड्यांना आणि धबधब्यांना इंग्रजी नावे पडली आणि तीच माहितीपत्रकांत गेली. दक्षिणेकडून येणाऱ्या शेतकऱ्याने नावे बदलली नाहीत, बंगला बांधला नाही, पुस्तक लिहिले नाही. तो वर्षातून एकदा आला, पाया पडला आणि निंदण किंवा उरलेली वेचणी गाठायला परत गेला. त्याच्या मागे लिखित खूण उरली नाही म्हणून तो आलाच नव्हता, असा हिशेब इतिहासलेखनात नकळत होऊन बसला.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. यात्रेकरूंचा स्वतःचा लिखित पुरावा नसेल तर त्यांच्या परंपरेचे वय कसे ठरवायचे? श्रद्धेच्या गोष्टी नेहमीच स्वतःला अनादी म्हणवतात. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच यात्रा हजारो वर्षांची आहे असा दावा करत नाही. मी एवढेच म्हणतो की एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती चालू होती, मोठी होती आणि तिची व्यवस्था ठरलेली होती, हे विरोधी बाजूच्या कागदांवरूनच दिसते. आप्पासाहेबांच्या पाठलागाच्या नोंदी इंग्रजांच्या आहेत, पटकीचे वर्णन इंग्रजांचे आहे, आणि भोपा घराण्यांच्या अधिकाराची नोंदही इंग्रजी दप्तरांतच आहे. ज्याला यात्रा वाढवून सांगण्यात काही रस नव्हता, त्याची साक्ष अधिक वजनदार असते. आणि वंशपरंपरेचे राखणदारपण, ठरलेली तिथी, ओळीने असलेली ठाणी या गोष्टी एका पिढीत जुळून येत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. हा डोंगर कोरकूंचा आणि गोंडांचा आहे. मराठी यात्रेकरूंना त्याचे आद्य जाणकार ठरवणे म्हणजे एका शोधकाच्या जागी दुसरा बसवणे नव्हे का? तसे केले तर अन्यायच होईल. पचमढीच्या कपारींत माणसाचा वावर फारच जुना आहे. 1930 च्या दशकात डी. एच. गॉर्डन यांनी इथल्या खडकचित्रांचा अभ्यास केला. त्याच दशकात जी. आर. हंटर यांनी डोरोथी डीप या शैलाश्रयात उत्खनन केले, तिथे बारीक गारगोटीची अवजारे सापडली, आणि त्याचे वृत्तांत नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात आले. शिकार, मध काढणे, वाद्ये आणि पुढच्या काळातले घोडेस्वार अशी चित्रे या वालुकाश्मावर आहेत. ती काढणारे आजच्या कोणत्या समाजाचे पूर्वज, हे सांगण्याचा मोह टाळलेलाच बरा. पण एवढे स्पष्ट आहे की मराठी शेतकरी इथे पाहुणा म्हणून आला, आणि वाट दाखवणारा, देवाचे राखण करणारा, संकटात आसरा देणारा माणूस कोरकू किंवा गोंड होता. यात्रेच्या इतिहासाचे मोल याच नात्यात आहे. शेती करणारा मैदानी समाज आणि जंगलात राहणारा डोंगरी समाज यांच्यात वैर, सावकारी आणि जमिनीचे तंटे झाले, हे मध्य भारताच्या इतिहासात जागोजाग दिसते. इथे मात्र वर्षातले काही दिवस मैदानातला माणूस डोंगरातल्या माणसाच्या देवस्थानात, त्याच्या परवानगीने आणि त्याच्या ज्ञानावर विसंबून चालत होता. म्हणून पचमढीचा इतिहास लिहायचा तर कोरकू-गोंडांचे घर आणि मराठी यात्रेकरूंची वाट या दोन्हींनी तो सुरू व्हायला हवा. फॉरसाइथ त्यात नंतर येतो.

तिसरा आक्षेप असा की आजची प्रचंड गर्दी तर बस, रेल्वे आणि वर्तमानपत्रांनी घडवली आहे. मग तिला जुनी परंपरा कसे म्हणावे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सौसरवरून नागपूर-छिंदवाडा नॅरो गेज धावू लागली. इटारसी-नागपूर मार्गाने पांढुर्णा मुख्य रेल्वेवर आले. पुढे एसट्या, जीपगाड्या आल्या. त्यामुळे कित्येक दिवसांची पायपीट काही तासांवर आली आणि गर्दी वाढली, हे खरेच आहे. पण कोणता भाग बदलला आणि कोणता बदलला नाही, ते वेगळे करून पाहायला हवे. मैदानातली वाट गाडीने खाल्ली. खडकातली वाट मात्र तशीच पायाने चालायची राहिली. नागद्वारला आजही भर पावसात, निसरड्या शिळांवरून, ओढे ओलांडत, काही ठिकाणी लोखंडी शिड्यांनी डोंगरामागून डोंगर पार करावे लागतात. चौरागडाला आजही जड त्रिशूळ खांद्यावरच वर जातो. वाहनाने पोचता येईल अशा कितीतरी तीर्थांवर चालणे गळून पडले. इथे ते टिकले, कारण दगडाने दुसरा उपाय ठेवला नाही, आणि माणसांनाही चालण्याशिवाय दर्शन पुरे झाले असे वाटत नाही. रीतीचा गाभा हाच होता आणि तो जुना आहे.

या वाटेने राजकीय सीमाही पाहिल्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरची जागा भोपाळने घेतली, आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. सौसर-पांढुर्ण्याचे सरकारी कागद भोपाळकडे वळले, मुलांच्या शाळेत हिंदीचे वजन वाढले, आणि शेजारच्या काटोल-नरखेडपासून या गावांना राज्याच्या रेषेने वेगळे केले. यात्रेने ही रेषा मानली नाही. श्रावणात नागपूर, अमरावती, वर्ध्याकडचे पोहे याच मुलखातून डोंगराकडे जात राहिले, आणि पांढुर्णा-सौसरचे लोक त्यांच्यात मिसळत राहिले. कार्यालये ज्यांना तोडतात त्यांना रीती जोडून ठेवतात, याचे इतके ठळक उदाहरण मध्य भारतात क्वचितच मिळेल. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौसर हे तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. छिंदवाड्याच्या इतिहासात घाटाखालचा भाग म्हणून दोन परिच्छेदांत उरकल्या जाणाऱ्या या मुलखाला स्वतःचा इतिहास लिहिण्याची ही पहिली प्रशासकीय संधी आहे.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. नागद्वारची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जाते. 1981 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि पचमढीचा परिसर 1999 पासून जीवावरण राखीव क्षेत्र आहे. लाखो पावलांनी, प्लास्टिकने, चुलींसाठी तोडलेल्या लाकडाने आणि भोंग्यांनी या जंगलाचे नुकसान होते. मग या यात्रेचा इतिहास गौरवून आपण जंगलाचे अहितच करत नाही का? मला याच्या उलट वाटते. यात्रेकरूला उपरा मानले की त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात, बंदी किंवा मोकाट गर्दी. बंदी टिकत नाही, आणि मोकाट गर्दी जंगल खाते. त्याला या वाटेचा वारस मानले तर वारसाची जबाबदारी मागता येते. जुन्या यात्रेला स्वतःचे नियम होते. ठरलेली तिथी, ठरलेली ठाणी, भगताचा शब्द, राखणदाराचा मान आणि ठरल्या दिवशी डोंगर सोडणे. वर्षातले बाकीचे दिवस डोंगर ज्यांचा त्यांना सोडून देणे हा त्या रीतीचाच भाग होता. आज वनखाते नागपंचमीपुरतीच वाट उघडते, तेव्हा ते काही परकी शिस्त लादत नाही. यात्रेच्या अंगी असलेली मर्यादाच ते कायद्याने राखते. हे यात्रेकरूंना त्यांच्या भाषेत, त्यांच्याच इतिहासाच्या आधाराने सांगितले तर ते ऐकले जाईल. इतिहास नाकारलेल्या माणसाला शिस्त सांगणे फार अवघड असते.

म्हणून काही कामे आत्ताच व्हायला हवीत. नव्या पांढुर्णा जिल्ह्याचा गॅझेटियर जेव्हा होईल तेव्हा त्यात महादेव यात्रेच्या दक्षिण वाटेला स्वतंत्र प्रकरण हवे, प्रत्येक ठाण्याचा नकाशा, तिथला दगड, तिथले पाणी आणि तिथली कथा यांसह. पोह्यात गायली जाणारी महादेवाची गाणी आज प्रामुख्याने म्हाताऱ्या बायकांच्या आणि भगतांच्या तोंडी उरली आहेत. ती गावागावांतून ध्वनिमुद्रित व्हायला हवीत, कारण त्यांत ठाण्यांचा क्रम आणि वाटेच्या खुणा जपल्या आहेत. कोरकू आणि गोंड कुटुंबांकडच्या आठवणी त्यांच्या भाषेत, त्यांच्या संमतीने, त्याच ग्रंथात बरोबरीने याव्यात. सौसरच्या शाळेत मुलांना त्यांच्या तालुक्याच्या नावाचा खडक जगभर ओळखला जातो हे शिकवावे, आणि त्या खडकापासून पचमढीच्या वालुकाश्मापर्यंतची चाल हा त्यांच्या आजोबांचा भूगोल होता हेही शिकवावे. आणि पचमढीत जिथे जिथे फॉरसाइथच्या शोधाचा फलक आहे, तिथे तो काढू नये, त्याशेजारी दुसरा फलक लावावा. या डोंगरावर कोरकू आणि गोंड राहत होते, आणि दक्षिणेच्या मैदानातून मराठी शेतकरी पिढ्यानपिढ्या इथे चालत येत होते, एवढे त्यावर लिहिले तरी पुरे. ते छापील पुराव्याने सिद्ध होणारे सत्य आहे, आणि इतकी वर्षे ते लिहायचे राहून गेले आहे.